निरीक्षणात चूक

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हा विषय माझ्या गळ्यात पडला. पी.टी.चे सर शनिवारी स्वतःच्याच न्हाणीघरात घसरले आणि पाय मोडून बसले. वीस वर्षं मुलांना लांब उडी शिकवणारा माणूस ओल्या फरशीवर आडवा झाला, आता काय बोलणार!

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून विचारलं, "सर, तुमचा पाचवा तास मोकळा असतो ना?" मी गणिताचा माणूस. मोकळा असतो का, तर असतो, म्हणून 'हो' म्हणालो. प्रश्न नीट वाचला नाही की असं होतं.

वर्ग नववी ब, मुलं चौतीस. याच वर्गाला मी गणित शिकवतो, त्यामुळे आमची ओळख आहे आणि प्रेम नाही. पाठीमागे मला 'अर्धा गुण' म्हणतात. कोणी एकक लिहायला विसरलं की मी अर्धा गुण कापतो, म्हणून. मला त्याचं वाईट वाटत नाही. दिलेला गुण मी एकतीस वर्षांत कधी बदललेला नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

शाळेच्या नोंदवहीत 'तास झाला' एवढंच लिहायची जागा असते. बाकीचं या वहीत लिहिणार आहे.

शिक्षकांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या मधल्या वळणावर सूचनाफलक आहे. गेल्या महिन्यापासून मी तो रोज थांबून वाचतो. नवीन असं काही नसतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पी.टी.च्या सरांचं कपाट उघडलं. हवा गेलेले तीन चेंडू, एक दोरखंड, शिट्टी, स्टॉपवॉच, आणि एक बूट. दुसरा बूट कुठे, हे फोनवर विचारलं तर म्हणाले, "सर, तो विषय काढू नका."

मग म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका हो. पहिले दोन आठवडे नाडी मोजायला शिकवा. तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायची. पोरं गप्प बसतात."

अर्धं मोजून दुप्पट करायचं, ही काय पद्धत झाली! पण विषय त्यांचा आहे.

शिट्टी वाजवून पाहिली. दम अर्ध्यात संपला. शिट्टी जुनी आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला तास. मनगटाच्या आत, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, असं पुस्तकात आहे तसं सांगितलं. चौतिसातल्या नऊ जणांना नाडी सापडलीच नाही. दोघं म्हणाले, "सर, मी मेलोय." वर्ग हसला. मी नाही हसलो.

मग फळ्याजवळ खुर्चीवर बसून माझी नाडी मोजून दाखवली. शॉर्टकट मला पटत नाही, म्हणून स्टॉपवॉच लावून पूर्ण मिनिट मोजायला बसलो. ३९ आले. उघड आहे की मध्येच कुठेतरी नजर चुकली आणि मी अर्ध्या मिनिटाला थांबलो, कारण पुस्तकात ६० ते १०० दिलं आहे आणि ३९ त्यात बसत नाही. दुप्पट केलं. ७८. अगदी मध्यावर नाही, पण उत्तम. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शिक्षकांची नाडी ७८.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिला मी शंकाबाई म्हणतो. वर्तुळाला कोपरा का नाही इथपासून तिच्या शंका सुरू होतात. म्हणाली, "सर, पण स्टॉपवॉचवर साठ झाले होते."

मी म्हटलं, "तू स्वतःची मोज."

११ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या चष्म्याने चक्कर येते. वर पाहिलं की एक भिंग, खाली पाहिलं की दुसरं. दुकानदार म्हणाला होता की आठ दिवसांत सवय होईल. आज चाळीस दिवस झाले. आज तर चष्मा न लावताही आली. डोळ्यांना सवय लागली असणार.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली दाढी करताना स्टूल घेऊन बसता."

म्हटलं, "बसून दाढी चांगली होते."

"एकतीस वर्षं उभ्याने वाईट होत होती का?"

या घरात मला कुठलंही विधान सिद्ध करून दाखवावं लागतं. डॉक्टरांकडे जाऊन या, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली. म्हटलं, सत्र संपलं की जातो. तिने कपाळाला हात लावला आणि आत जाऊन दोन भांडी विनाकारण आपटली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मंगळवारी नाडीची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची आहे, पाच गुणांची. पी.टी.चे सर म्हणतात की जोड्या करा, एकमेकांची नाडी मोजू द्या. मी रात्री जेवताना यावर विचार केला आणि मला यात मोठा घोळ दिसला. चौतीस मुलांची चौतीस वेगळी उत्तरं येणार. मग मी तपासणार कशाशी? प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका दिल्यासारखंच झालं हे.

त्यावर माझा तोडगा असा. सर्वांना प्रश्न एकच: माझी नाडी. उत्तर मला माहीतच आहे, ७८. दोन कमी, दोन जास्त चालेल. एकतीस वर्षांच्या अनुभवाशिवाय हे सुचत नाही.

बायकोला सांगितलं. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परीक्षा झाली. मी खुर्चीवर बसलो, मुलं एकेक करून आली, अर्धा मिनिट मनगट धरलं, वहीत आकडा लिहिला आणि गेली. मधल्या सुट्टीनंतरही थोडी मुलं उरली होती. हात धरून घेण्यातही माणूस दमतो, हे नवीन कळलं. दोनदा डुलकी लागली.

वह्या तपासल्या. तेहतीस जणांनी ७६ ते ८० च्या मध्ये लिहिलं आहे. एकोणतीस जणांनी तर नेमकं ७८. वर्ग वाटतो तितका ढ नाही. मी शिकवलं तर शारीरिक शिक्षणसुद्धा येतं त्यांना.

फक्त शंकाबाई. तिने पूर्ण मिनिट हात धरून ठेवला, मागची मुलं ओरडायला लागली तरी सोडला नाही. आणि वहीत लिहिलं: '३८, दर मिनिटाला. मध्ये दोनदा थांबली.'

नाडी थांबते काय, ती काय बैलगाडी आहे? लाल पेनाने काट मारली आणि लिहिलं: निरीक्षणात चूक. पाचपैकी शून्य.

एकक मात्र बरोबर लिहिलं होतं. वर्गात ते एकटीनेच लिहिलं होतं. बाकी तेहतीस जणांचा अर्धा अर्धा गुण कापला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शंकाबाई शिक्षकांच्या खोलीत आली. वही छातीशी धरलेली.

"सर, पुन्हा मोजू द्या."

"परीक्षेत पुन्हा नसतं."

"सर, मी खरंच अडतीस मोजले."

मी नीट समजावलं. कारण मला तिची चूक सापडली होती. अडतीसची दुप्पट शहात्तर, आणि शहात्तर बरोबर आहे. म्हणजे मोजणी चांगली झाली, शंकाबाई दुप्पट करायला विसरल्या. हे बघ, मी म्हटलं, विसरलीस असं कबूल कर, अडीच गुण देतो. मी असं कोणासाठी करत नाही. गुण बदलत नाही मी. पण वर्गात एकक तू एकटीनेच लिहिलंस.

ती म्हणाली, "विसरले नाही, सर. मी अर्धं मोजलंच नव्हतं."

"मग शून्य."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. "सर, शून्य राहू दे. पण तुम्ही डॉक्टरांना दाखवा ना."

काय पण हट्टी कार्टी आहे! पाच गुणांसाठी माणसाला आजारी पाडायला निघाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. शंकाबाई त्यांच्याकडेही जाऊन आली होती. बाई म्हणाल्या, "सर, पोरगी गुणांचं बोलतच नाहीये. ती तुमच्या तब्येतीचं बोलतेय."

"ती तिची युक्ती आहे."

"तुमचा चेहरा उतरलाय, सर. परवा जिन्यात कठडा धरून उभे होतात."

"सूचना वाचत होतो."

"सूचनाफलक मी दुरुस्तीला पाठवलाय, सर. सोमवारपासून तिथे नाही."

गणितात याला विसंगती म्हणतात. बाईंनी आणखी काही विचारलं नाही, फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला. उगाच राग आला. बायको, बाई आणि एक नववीतली पोरगी, तिघी मिळून माझा पेपर तपासतायत असं वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं. उद्या मैदानावर बाकाची चाचणी आहे. बाकावर चढायचं, उतरायचं, तीन मिनिटं. मी स्वतः करून दाखवणार. सगळ्या शंका एकदाच मिटतील.

बायकोला बोललो नाही. तिने विचारलं, "उद्या काय आहे?" म्हटलं, "तास आहे."

खरं सांगायचं तर थोडी धाकधूक वाटतेय. कशाची ते कळत नाही. ही माझी खासगी वही आहे म्हणून लिहितो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. रुग्णालय

लिहायला परवानगी मिळाली. उजवा हात मोकळा आहे.

मंगळवारी बाकावर अकरा वेळा चढलो. मोजत होतो, म्हणून आकडा पक्का आहे. बाराव्या वेळी बाक वर आलं की मी खाली गेलो ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा मैदानावर पडलो होतो, आणि तेहतीस डोकी वरून वाकून बघत होती. कोणी हसत नव्हतं. त्याच क्षणी मला भीती वाटली. हसले असते तर बरं झालं असतं.

शंकाबाई गुडघे टेकून बसली होती. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात माझं मनगट. ओठ हलत होते.

"चौतीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दुप्पट कर."

"सर, मिनिट पूर्ण झालं."

मी पुन्हा म्हटलं, दुप्पट कर. खरं तर गयावया केली. "कर ना गं दुप्पट."

ती रडायला लागली. पण म्हणाली, "नाही होत, सर."

मग मुख्याध्यापिका बाई धावत आल्या, गाडी आली. पुढचं बायकोला जास्त माहीत आहे.

डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्या हाताखालून गेल्या असत्या इतक्या. त्यांनी सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, मध्येच अडकतो. "किती दिवस होतंय असं?" मी म्हटलं, होतच नव्हतं. बायकोने पिशवीतून ही वही काढून त्यांच्या हातात दिली. खासगी वही! मला बोलायचं त्राण नव्हतं.

त्यांनी सात तारखेचं पान दोनदा वाचलं. ३९ खाली पेनाने रेघ मारली. मग मला विचारलं, "सर, तुम्ही पूर्ण मिनिट मोजलं होतंत?"

"हो."

"मग दुप्पट का केलंत?"

एकतीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आलोय. 'हे का केलंस?' आणि समोरचं पोर खाली बघतं. मी छताकडे बघितलं. म्हटलं, "उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं."

उद्या पेसमेकर बसवणार आहेत. बायको खुर्चीवर बसून आहे. दोन दिवसांत एकदाही 'मी सांगत होते' म्हणाली नाही. ते म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. तिचा हात धरला. तिनेही माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. कोणी शिकवलं तिला, विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार. रुग्णालय

पेसमेकर बसला. डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता साठच्या खाली जाणार नाही, ते यंत्र जाऊ देत नाही.

मुख्याध्यापिका बाई भेटायला आल्या. मी त्यांना नववी ब च्या वह्या आणायला सांगितल्या होत्या. फळं आणली होती, वह्या नव्हत्या. परत पाठवलं. दुपारी वह्या घेऊन आल्या.

शंकाबाईची वही काढली. 'निरीक्षणात चूक' वर आडवी रेघ मारली. शून्य खोडलं. पाचपैकी पाच. शेजारी सही आणि तारीख. एकतीस वर्षांत पहिल्यांदा गुण बदलला.

मग बाकीच्या तेहतीस वह्या समोर राहिल्या. तेहतीस जणांनी माझं मनगट धरलं होतं. सगळ्यांना एकोणीसच्या आसपास आले असणार, दुप्पट अडतीस. आणि सगळ्यांनी फळ्यावरचं लिहिलं. मी साडेचार साडेचार वाटत गेलो होतो. एकालाही वाटलं नाही का, सर मरतायत? की वाटलं आणि गुण जातील म्हणून लिहिलं नाही?

बायको म्हणाली, "अहो, त्यांना कशाला बोल लावता? तुम्ही स्वतः काय केलंत?"

बरोबर आहे. सात तारखेच्या पानावर ७८ ला लाल काट मारली आणि स्वतःला शून्य दिलं. एककही लिहिलं नव्हतं मी.

१५ डिसेंबर, सोमवार

आज कामावर रुजू झालो. जिन्याच्या वळणावर थांबलो नाही. सूचनाफलक परत आलाय, आणि त्यावर खरोखरच एक नवीन सूचना होती. ती उतरताना वाचली.

पी.टी.चे सर कुबड्या घेऊन आले होते. "सर, माझा तास परत द्या," म्हणाले. म्हटलं, आजचा एक राहू द्या, माझी परीक्षा बाकी आहे. बाईंनी चौथा आणि पाचवा तास जोडून दिला.

वर्गात शिरताच सगळे उभे राहिले आणि बसायलाच तयार नाहीत. शेवटी ओरडावं लागलं. ओरडता आलं, दम पुरला.

फळा पुसलेला होता. मी त्यावर काही लिहिलं नाही. म्हटलं, "मागच्या परीक्षेचे तुमचे गुण रद्द. चूक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची होती. आज पुन्हा परीक्षा. प्रश्न तोच. उत्तर मला माहीत नाही."

मागच्या बाकावरचा उंच मुलगा उठला. मान खाली. "सर, मला तेव्हा एकोणीस आले होते. पण फळ्यावर अठ्ठ्याहत्तर होतं."

"मला एकोणचाळीस आले होते," मी म्हटलं. "बस खाली."

डावा हात अजून वर न्यायचा नाही, म्हणून उजवा टेबलावर ठेवला. एकेक जण आलं. प्रत्येकाने पूर्ण मिनिट. कोणी घाई केली नाही, कोणी ओरडलं नाही. कुणाची बोटं गार, कुणाची शाईने भरलेली, एकाच्या बोटांना घाम. एकतीस वर्षं मी या बोटांनी लिहिलेलं तपासत आलो, बोटं कधी बघितली नव्हती. ६६, ६४, ६७, ६५. एकाने ७८ लिहिलं. त्याला परत बोलावून पुन्हा मोजायला लावलं. परीक्षेत पुन्हा असतं, असं आजपासून ठरवलंय.

शंकाबाईला पाचपैकी पाच मिळालेच होते, तिला यायची गरज नव्हती. तरी ती सर्वांत शेवटी आली. स्टॉपवॉच लावलं, दोन बोटं ठेवली आणि मोजायला लागली. ओठ तसेच हलत होते, मैदानावर हलत होते तसे.

मिनिट झालं. तिने भुवया आकसल्या. "सर, अठ्ठ्याऐंशी. बाकीच्यांना पासष्ट, सहासष्ट. तुमचे ठोके वाढले. का?"

"ऊन लागतंय खिडकीतून," मी म्हटलं. "आणि कारण विचारलेलं नाही. उत्तर लिही."

तिने लिहिलं आणि वही माझ्यासमोर ठेवून जागेवर गेली. मी चष्मा काढून पुसला, मग वाचलं.

'८८, दर मिनिटाला. एकदाही थांबली नाही. कारण: सर रडत आहेत. (सर म्हणतात, ऊन.)'

खाली लाल पेनाने लिहिलं: निरीक्षण बरोबर.